डिसेंबरात खाडीवर येण्याआधी

चिपळूण,
१६ नोव्हेंबर

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. गळाला लागलेला मासा तू काठाशी ओढत होतास आणि ॲलिगेटरनं तो हातभर अंतरावरून तंगुसासकट, म्हणजे गळाच्या दोरीसकट, नेला, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. तू रॉड सोडलास आणि अर्णवला घेऊन मागे झालास, हे फार चांगलं केलंस. अशा वेळी माणूस ईर्ष्येनं रीळ फिरवत बसतो आणि तिथेच घात होतो.

तू विचारतोस, सुट्टीत आल्यावर अर्णवला आपल्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, न्यावं का? वहिनींचा नकार आहे, कारण त्यांनी चिपळूणच्या रस्त्यावरून रात्री चाललेल्या मगरीचा २०२४ च्या पावसातला व्हिडिओ पाहिलाय. त्यांची भीती रास्त आहे. तरी माझं म्हणणं, त्याला आण. मात्र हे पत्र आधी वहिनींना वाचून दाखव आणि मग अर्णवला समजेल अशा भाषेत त्यालाही सांग.

तुमचा तो ॲलिगेटर आणि आपली मगर नात्यातल्या असल्या तरी स्वभाव वेगळे आहेत. तुमच्याकडे अमेरिकेत १९६७ साली तो नामशेष होणाऱ्या प्राण्यांच्या यादीत होता, १९८७ मध्ये यादीतून बाहेर आला आणि आता एकट्या फ्लोरिडात त्यांची संख्या तेरा लाखांच्या घरात सांगतात. तो मुख्यतः गोड्या पाण्याचा, खारं पाणी फार काळ त्याला सोसत नाही. मगरीच्या जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, त्यामुळे भरतीचं मचूळ पाणीही तिला चालतं. म्हणूनच आपल्याकडे ती नदीच्या डोहात दिसते तशी गोवळकोटच्या धक्क्याच्या अंगालाही दिसते. तोंड मिटल्यावर ॲलिगेटरचे खालचे दात आत जातात, मगरीचा खालच्या जबड्यातला चौथा दात बाहेर दिसत राहतो. अर्णवला हे नक्की सांग, पण ते पडताळायला दुर्बीण घेऊन ये. दुर्बिणीशिवाय दात मोजता येतील एवढ्या जवळ मी त्याला जाऊ देणार नाही.

आपल्या वाशिष्ठी नदीत मगरी टिकून आहेत त्याला पाणी हे मोठं कारण. कोकणातल्या बाकीच्या बहुतेक नद्या मार्च-एप्रिलात आटून कातळ उघडे पडतात. वाशिष्ठीत मात्र कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कोळकेवाडी धरणावरून उतरतं, त्यामुळे भर उन्हाळ्यात डोह भरलेले. त्याच दिवसांत मादी काठच्या मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि राखण करत बसते. पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. म्हणून फेब्रुवारी ते जून मी कुणालाही काठच्या झुडपातून फिरू देत नाही. तुम्ही डिसेंबरात येताय, ते त्या दृष्टीनं उत्तम. थंडीत मगर सकाळी वाळूच्या पट्ट्यावर ऊन खात आ वासून पडलेली असते. वहिनींना सांग, ते तोंड रागानं उघडलेलं नसतं, अंगातली उष्णता ती तशी सांभाळते.

भीती धरायची ती न दिसणाऱ्या मगरीची. उन्हात पडलेली मगर शंभर हातांवरून दिसते, तिच्यापासून लांब राहता येतं. पाण्यात दबा धरलेल्या मगरीच्या नाकपुड्या आणि डोळे एवढेच वर असतात. मागच्या थंडीत धक्क्यावरून मी तांबोशी माशाला गळ टाकून बसलो होतो. समोर ओंडका समजून ज्याच्याकडे पाहत होतो तो तरंगसुद्धा न उठवता खाली गेला. ओंडके असे बुडत नाहीत. मी तंगूस कापलं, डबा उचलला आणि वर पायरीवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं ती माझ्या गळाच्या जागेपासून बरीच अलीकडे, काठाला चिकटून वर आली. पाण्याला टेकून बसलेला माणूस, तोंड धुणारी बाई, पाणी प्यायला उतरलेलं कुत्रं यांना ती धरते ते असंच. वाशिष्ठीत माणसावर हल्ल्याचं क्वचितच ऐकू येतं, पण कृष्णेच्या काठी सांगलीकडे माणसं गेली आहेत, आणि तिथली मगर आपल्या मगरीच्याच जातीची आहे.

आता ज्या गोष्टीनं माझा जीव तुटतो ती सांगतो. मगरीला काठाची सवय आपण लावतो. गरवणारा मासा तिथेच साफ करतो, आतडी-खवले पाण्यात भिरकावतो. चिकनच्या दुकानातला कचरा रात्री पोत्यातून पुलाखाली जातो. तेच जनावर पुढे माणसाच्या चाहुलीनं दूर जाण्याऐवजी जवळ यायला शिकतं, आणि एक दिवस वनखात्याच्या पिंजऱ्यात जातं किंवा कुणाचा पाय धरतं. तुमच्याकडे ॲलिगेटरला खाऊ घालणं कायद्यानं गुन्हा आहे तो याच कारणानं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मगर पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं. तिला दगड मारणाऱ्या पोरांना मी हाकलतो. पण मासे तिथेच साफ करणाऱ्या वडीलधाऱ्यांना काय सांगायचं? तरी सांगतो. काहींनी ऐकलं, आता ते मासा घरी नेऊन साफ करतात. तूही अर्णवसमोर हेच कर, पोरं डोळ्यांनी शिकतात.

एवढं असूनही खाडीकाठी मगरीपेक्षा जास्त लोक पाकट या चपट्या माशाच्या काट्यानं जायबंदी होतात. पाकट ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात अंगावर वाळू-चिखल ओढून पडलेलं असतं. डोळे आणि त्यामागची श्वासाची भोकं तेवढी उघडी. पाय पडला की शेपटी वर मारतं. काटा शेपटीवरच असतो, दोन्ही कडांना करवतीचे दाते, तेही मागे वळलेले. त्यामुळे आत जाताना तो कापत जातो आणि निघताना फाडत निघतो.

ऑक्टोबरात वाडीतला एक पोरगा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला उतरला होता. मी बांधावर. त्यानं पाग फेकला, एक पाऊल पुढे टाकलं आणि असा ओरडला की पलीकडच्या काठावरची माणसं उभी राहिली. घोट्याच्या वर सुरी लागल्यासारखी चीर, इंचभर असेल नसेल, कडा बघता बघता निळसर-पांढऱ्या पडल्या. रक्त फार नव्हतं, पण एरवी होडी एकटा ओढणारा हा गडी ओठ चावून रडत होता. त्याच्या काकूंनी काही न विचारता चुलीवरचं आंघोळीचं पाणी घमेल्यात ओतलं, स्वतःचा हात घालून कढत किती ते पाहिलं आणि त्याचा पाय आत दाबून धरला. थोड्या वेळात त्याचा चेहरा सैल झाला. पाणी निवायला लागलं की कळ परत उठायची, मग पुन्हा गरम पाणी. हे नुसतं घरगुती समाधान नाही रे. पाकटाचं विष उष्णतेनं मोडतं. भाजणार नाही इतपत कढत, साधारण ४५ अंशांचं पाणी, अर्धा ते दीड तास, हे डॉक्टरही सांगतात. दुखऱ्या पायाला चटका कळत नाही, म्हणून काकूंसारखं दुसऱ्यानं हात घालून पाहायचं. त्यानंतर दवाखाना हवाच, काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. काटा पोटात किंवा छातीत शिरला असेल तर तो उपटायचा नाही, तसंच घेऊन धावायचं.

म्हणून पाण्यात उतरलाच तर पाय उचलून टाकायचा नाही, तळातून सरकवत न्यायचा. पाकटाला पायाचा धक्का कडेनं लागला की ते आपणहून निघून जातं. अर्णवला मात्र पाण्यात उतरवायचंच नाहीये.

शिंगटी माशाचंही तसंच. गळाला लागली की पोरं हौसेनं हातात धरतात, आणि पाठीवरचा एक व दोन्ही बाजूंच्या परांचे दोन असे तीन काटे ताठ उभे राहतात. उपाय तोच, कढत पाणी. त्याच्या गळाला काय लागलंय ते आधी मी बघणार, मग तो हात लावणार. केंड हा फुगणारा मासा लागला तर फुगलेला पाहून त्याला गंमत वाटेल. पाहू दे आणि लगेच सोडू दे. त्याचं विष शिजवूनही जात नाही, तेव्हा घरी नेण्याचा प्रश्नच नाही.

तुझा बेत गुहागरला समुद्रावर रात्री गरवण्याचाही आहे, त्यावर माझी हरकत आहे. समुद्राकडे जाणारी वाट जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळावरून, जाते आणि त्या दगडांत फुरसं असतं. वीतदीडवीतभर जनावर, रंग दगडाचाच. वेटोळं घालून खवले खवल्यांवर घासतं तो करवतीसारखा आवाज लाटांच्या गाजेत ऐकू येत नाही. चावल्यावर रक्त गोठेनासं होतं. हिरड्यांतून, जुन्या जखमेतून रक्त यायला लागतं. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात आणि गोठतंय का पाहतात, त्यावर उपचार ठरतो. आवळून बांधणं, चिरा देणं यातलं काही करायचं नाही. पाय हलवायचा नाही आणि १०८ ला फोन करायचा. आपल्याकडची सर्पदंशावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालते. समुद्रसापाच्या विषावर ती चालत नाही. तेव्हा रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना जाळ्यात चपट्या, वल्ह्यासारख्या शेपटीचा साप दिसला तर मेलेला वाटला तरी बोट लावू नकोस. तो डसल्याचं कधीकधी कळतही नाही, काही तासांनी सगळं अंग दुखायला लागतं आणि लघवी काळपट होते.

त्याच दगडांखाली लाल विंचू. आपल्या लहानपणी कोकणात त्यानं पोरं जायची, तुला आठवत असेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यावर वापरून दाखवली आणि मरणारी माणसं वाचायला लागली. त्यांना २०२२ ची पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरातल्या माणसाला मिळाल्याचा आनंद झाला होता. तरीही दगड उलटून खेकडे शोधायची अर्णवची हौस आपण दिवसाउजेडी, काठीनं भागवू.

आता बेत ऐक. तुमच्या मुक्कामात येणारी अष्टमी धरू. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला समुद्रावर सहाच्या सुमारास, आत खाडीत थोडी उशिरा. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती असल्यानं पाण्याला ओढ कमी. अंधारात निघायचं नाही, सूर्य वर आला की जायचं आणि धक्क्याच्या वरच्या पायरीवर, पाण्यापासून चांगलं लांब बसायचं. तुम्ही यायच्या आधी, अंधार असतानाच मी टॉर्च मारून कडेकपारी बघून घेईन, मगर जवळ असेल तर डोळे लालसर चमकतात. तशी दिसली तर त्या दिवशी गरवणं रद्द, घरी येऊन घावणे खायचे. मोठी जनावरं वस्तीत शिरली तर वनखात्याचा १९२६ हा नंबर तुझ्या फोनमध्ये आत्ताच घालून ठेव.

आमिषाला कोळंबी मी आणतो, गळ-तंगूस आहे. तू अर्णवच्या मापाचे घोट्याच्या वर येणारे जाड बूट आण, त्याच्या मापाचे इथे मिळत नाहीत. डोक्याला लावायचा एक चांगला दिवाही आण. आईनं वहिनींना सांगायला सांगितलंय की कुळथाचं पीठ दळून ठेवलंय, तिकडे न्यायला डबा रिकामा आणा. तिकिटाची तारीख पक्की झाली की कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
दिनू