ठकीच्या डॉक्टर मॅडमना, मनापासून

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि.

ठकीचे टाके निघाले, पोटावरचे कापलेले केस परत यायला लागलेत आणि काल तिने दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्यावर पूर्वीसारखंच भुंकून घेतलं. फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही ‘अहो, कामच आहे आमचं’ म्हणून विषय मिटवलात. माझं काही तेवढ्याने समाधान झालं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. आपल्या साताऱ्यात कुत्री-मांजरं पाळणारी घरं खूप आहेत, पण जनावराच्या ऑपरेशनमध्ये चांगला उपचार नेमका कशाकशाचा बनतो, हे मला तुमच्याकडे येईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. इतरांनाही ते कळावं असं मनापासून वाटतं.

ठकी आठ वर्षांची. आमच्याकडे आली तेव्हाच ती मोठी होती. आधीच्या घरी ती माजावर येऊ नये म्हणून तिला इंजेक्शनं दिली जायची, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या आठवड्यात तिने खाणं सोडलं आणि पाणी मात्र भांडंच्या भांडं संपवायला लागली. रात्री लघवीसाठी दोन-दोनदा उठवायची. आधी एका ठिकाणी दाखवलं, तिथे ऊन वाढलंय म्हणून पाणी पीत असेल असं सांगून उलटीचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उठेचना, तेव्हा तिला चादरीत घालून तुमच्याकडे आणलं.

तुम्ही टेबलावर घ्यायची घाई केली नाहीत. खाली फरशीवर तिच्याशेजारी बसलात, हिरड्या दाबून पाहिल्या, ताप मोजला आणि पहिलाच प्रश्न विचारलात, ‘शेवटचा माज कधी झाला?’ मी म्हटलं, दीड-दोन महिने झाले असतील. तुम्ही लगेच सोनोग्राफीचं मशीन ओढलंत. पडद्यावर काळ्या फुगलेल्या नळ्या दिसत होत्या. गर्भपिशवीत पू झाला होता आणि तोंड बंद असल्यामुळे एक थेंबही बाहेर येत नव्हता, म्हणून आम्हाला काही कळलं नव्हतं. पायोमेट्रा हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. माज संपल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं, पिशवीचं अस्तर जाड होतं, तिचं आकुंचन थांबतं आणि आत शिरलेल्या जंतूंना आयतं घर मिळतं. माज थांबवायची इंजेक्शनं त्याच हार्मोनच्या जातीची असल्याने धोका आणखी वाढवतात. हे सगळं तुम्ही एका कोऱ्या कागदावर चित्र काढून समजावलंत. बाहेर दोन पेशंट थांबलेले असताना. तो कागद मी जपून ठेवलाय.

मग तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला सगळ्यात आधी आभार मानायचेत. तुम्ही आम्हाला खरं सांगितलंत. ऑपरेशन लागणारच, पण आजारी शरीराला भूल देणं वेगळं आणि धडधाकट कुत्रीची नसबंदी करणं वेगळं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे तुम्ही दिलेत : निरोगी कुत्र्यांत भुलीमुळे दगावण्याचं प्रमाण साधारण दोन हजारांत एक, आजारी कुत्र्यांत मात्र पंच्याहत्तरांत एकाच्या आसपास. आणि आपल्याकडे ते त्याहून कमी असेल असं समजू नका, हेही म्हणालात. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं असेल तर चिठ्ठी देते, तिथे अनुभवी सर्जन आहेत, पण खंबाटकी घाट ओलांडून जाईपर्यंत हिला सलाईनशिवाय ठेवणं मला पटत नाही, असंही स्पष्ट सांगितलंत. खर्चाचा अंदाज कागदावर लिहून दिलात, संमतीपत्र मराठीत होतं आणि सही घेण्याआधी तुम्ही ते स्वतः वाचून दाखवलंत. आमच्या ह्यांनी विचारलं, रक्ताच्या तपासण्या वगळल्या तर थोडं कमी होईल का? तुम्ही शांतपणे म्हणालात, कमी होईल, पण मग मी भूल देणार नाही. त्या एका वाक्यानंतर आम्ही निर्धास्त झालो.

रिपोर्ट आले. कुत्र्यात पांढऱ्या पेशी साधारण सतरा हजारांपर्यंत असाव्यात, ठकीच्या चाळीस हजारांच्या वर होत्या. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारं क्रिएटिनीनही चढलेलं. मला वाटलं, आता तुम्ही लगेच आत घ्याल. तुम्ही घेतलं नाहीत. आधी काही तास सलाईन, शिरेतून अँटिबायोटिक, रक्तदाब सावरेपर्यंत थांबायचं आणि मग त्याच रात्री ऑपरेशन, सकाळपर्यंत अजिबात नाही. बाहेर बाकावर बसून मी घड्याळाकडे बघत होते आणि मनातून चिडलेही होते. नंतर समजलं की कोसळत्या रक्तदाबावर भूल दिली तर पिशवी निघते पण जनावर राहत नाही. तो थांबलेला वेळ हाही उपचारच होता.

आता त्या कागदाबद्दल लिहिते, ज्याच्यामुळे खरं तर हे पत्र लिहायला बसले.

ठकीला घरी नेताना तुम्ही फाइल हातात दिलीत. त्यात औषधांची चिठ्ठी होती, रिपोर्ट होते आणि एक आडवा तक्ता होता. वर ठकीचं नाव, वजन, कोणतं औषध किती मिलिग्रॅम आणि किती वाजता. खाली दर पाच मिनिटांचा रकाना : नाडी, श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, शरीराचं तापमान, आयसोफ्लुरेन, म्हणजे भुलीचा वायू, किती टक्के चालू आहे. अक्षर तुमच्या मदतनीस दादांचं, बारीक आणि सरळ. नऊ चाळीसच्या रकान्यात रक्तदाबाचा वरचा आकडा ११० वरून ७८ वर आलेला दिसतो. त्याच्याच बाजूला लिहिलंय, ‘आयसो २ वरून सव्वा, सलाईन जलद.’ नऊ पंचेचाळीसला ८४. नऊ पन्नासला ९६. दहाला १०४. पुढे एक ओळ सलग तापमानाची आहे, कारण भुलीत कुत्र्याचं अंग गार पडत जातं आणि गार पडलेलं शरीर भुलीतून बाहेर यायला वेळ घेतं. म्हणून तिच्याखाली गरम हवेची गादी होती आणि पायांना मोजे बांधले होते. मोजे लहान मुलांचे, पिवळे. शेवटच्या ओळीत : ‘गॉज २० आत, २० बाहेर. मोजले दोघांनी.’ गॉज म्हणजे रक्त टिपायचे जाळीदार कापडाचे तुकडे.

मी तो तक्ता रात्री स्वयंपाकघरात बसून दोनदा वाचला. नऊ चाळीसला आम्ही बाहेर बसून चहा पीत होतो. आत काय झालं ते आम्हाला कधीच कळलं नसतं. रक्तदाब मोजला नसता तरी कळलं नसतं, गॉज मोजले नसते तरी कळलं नसतं. माणूस शुद्धीवर आल्यावर निदान सांगतो तरी, मला थंडी वाजत होती, मला दुखत होतं, मला कोणी विचारलं नाही. ठकी काय सांगणार? आणि आम्ही काय विचारणार, आम्हाला विचारायचं काय हेच ठाऊक नव्हतं. कोणी बघणारं नसताना, जिच्यासाठी करताय ती बोलू शकत नसताना, दर पाच मिनिटांनी खरा आकडा लिहिणं आणि पडलेला आकडा न लपवता तोच कागद मालकाच्या हातात देणं, याचं मोल मला करता येत नाही, मॅडम. यासाठी मी तुमची ऋणी आहे.

दुखण्याबद्दलही. आपल्याकडे अजून सर्रास म्हणतात, मुक्या जनावराला काय कळतंय, आणि वर असंही म्हणतात की थोडं दुखलं तर गप पडून राहील, टाके उसवायचे नाहीत. तुम्ही चीर द्यायच्या जागी आधीच बधिर करायचं औषध टोचलं होतं, ऑपरेशनआधी आणि नंतर ओपिऑइड गटातलं, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं, इंजेक्शन दिलंत, आणि मेलॉक्सिकॅम हे दुसरं वेदनाशामक मात्र मूत्रपिंडाचा रिपोर्ट सुधारेपर्यंत हातातच घेतलं नाहीत. रात्री दादा ठरावीक वेळाने येऊन तिच्या जखमेच्या बाजूला हलकेच हात ठेवायचे, ती वळून बघते का, अंग आखडते का, ओठ चाटते का ते बघून वहीत गुण मांडायचे. दुखण्याचं मोजमाप असं करतात हे मला माहीत नव्हतं. पहाटे गुण वाढले तेव्हा लगेच पुढचा डोस दिला गेला, तिने कण्हायची वाट कोणी पाहिली नाही. आणि जाताना तुम्ही बजावलंत की घरातली माणसांची वेदनाशामकं, आयब्युप्रोफेन असो की डायक्लोफिनॅक, कुत्र्याला चुकूनही द्यायची नाहीत, आणि मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जिवावर बेतते. हे मी आमच्या गल्लीत घरोघर सांगितलंय. मांजराचं ऐकून दोघी-तिघी अक्षरशः हादरल्या.

त्या दादांचे वेगळे आभार मानायचेत. ऑपरेशन संपलं, तुम्ही बाहेर येऊन पिशवी ट्रेमध्ये दाखवलीत. एरवी पेन्सिलीएवढी असणारी ती नळी, वजन केलं तर पावणेदोन किलो. आम्ही सुटकेचा श्वास सोडला. दादा मात्र आत जमिनीवर ठकीचं डोकं मांडीवर घेऊन बसून होते. श्वासासाठी घशात घातलेली नळी, ठकीने स्वतः आवंढा गिळायचा प्रयत्न केल्यावरच काढली आणि ती मान उचलून धरेपर्यंत जागचे हलले नाहीत. तुम्ही सांगितलंत की भुलीतले जवळपास निम्मे मृत्यू ऑपरेशन संपल्यानंतर होतात आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन तासांत. सगळे निवांत होतात तेव्हाच. त्यांना म्हणावं, त्यांच्या त्या रात्रीच्या जागरणाची आठवण आमच्या घरात आहे.

काही गोष्टी लहान आहेत, पण लिहायच्या राहू नयेत. ऑपरेशनच्या खोलीत डोकावू का विचारलं तेव्हा तुम्ही नम्रपणे नाही म्हणालात. बाहेरच्या चपला आणि बाहेरचे कपडे आत चालत नाहीत. हत्यारांच्या पुडक्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की ऑटोक्लेव्हची, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्राची, वाफ तिथपर्यंत पोचली असं समजायचं, हे दादांनी दाखवलं. पुवाचा नमुना तुम्ही कल्चरला, म्हणजे त्यात कोणता जंतू आहे ते तपासायला, पाठवलात आणि ई. कोलायचा रिपोर्ट आल्यावर पहिलं अँटिबायोटिक बंद करून त्या जंतूवर चालणारं दिलंत. जास्त भारी औषध लिहून मोकळ्या झाला नाहीत. भिंतीवर तुमचा नोंदणी क्रमांक लावलाय. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच प्राण्यांवर शस्त्रक्रिया करता येते, आणि त्यासाठी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं शिक्षण लागतं. माझ्या सासूबाई ते ऐकून म्हणाल्या, ‘म्हणजे माणसांच्या डॉक्टरइतकंच की!’ तेवढंच आहे, आणि पेशंट बोलत नाही ते वेगळं. त्या दिवसापासून सासूबाई तुमचा उल्लेख ‘मोठ्या डॉक्टरीणबाई’ असा करतात.

घरी गेल्यावर दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. पाणी किती पितेय, लघवी किती करतेय, जखम कोरडी आहे का, जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला कोन काढून तर नाही ना टाकला. आम्ही फोन करायच्या आत तुम्ही केलात. नंतर क्रिएटिनीन पुन्हा तपासलं, खाली आलं होतं, तेव्हा तुमचा चेहरा आमच्याइतकाच खुलला होता. मी पाहिलं ते.

एक काम झालंय तुमच्यामुळे. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींवरून नसबंदी न केलेल्या पाचांतल्या एका तरी मादीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार होतो, असं तुम्ही सांगितलं होतंत. ते मी आमच्या सोसायटीत सांगितलं, तो तक्ताही दाखवला. ज्या बाई ‘एकदा पिल्लं होऊ देत, मग बघू’ म्हणायच्या, त्यांनी त्यांच्या लॅब्राडॉर कुत्रीची नसबंदी करायचं नक्की केलंय, आणि कोपऱ्यावरचे काका त्यांच्या दोन्ही मांजरींना आणणार आहेत. ‘आधी रक्त तपासतील, तपासल्याशिवाय त्या भूल देत नाहीत’ हे मीच त्यांना आधी सांगून ठेवलंय, म्हणजे तुमच्याकडे कोणी घासाघीस करणार नाही. तक्त्याची झेरॉक्स दाखवायला तुमची हरकत नसेल अशी आशा आहे. असेल तर कळवा, मी थांबेन.

बाईंची कुत्री पुढच्या बुधवारी घेऊन येतो. आदल्या रात्री जेवण किती वाजता बंद करायचं आणि पाणी कधीपर्यंत ठेवायचं, तेवढं दादांकडून कळवा. ठकीलाही सोबत आणतेय, वजन करायला. तुमच्या टेबलाची तिला आता भीती वाटत नाही.

आपली कृतज्ञ,
ठकीच्या घरची सगळी मंडळी
सातारा