च्वानचौच्या देवळातला नरसिंह आणि फिरणारा खोटा मेसेज

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. दगडी खांबांचे फोटो, त्यावर कोरलेला बाळकृष्ण आणि नरसिंह, आणि खाली लिहिलंय की चीनमध्ये हजारो वर्षांपूर्वी मोठं हिंदू मंदिर होतं, ते पाडून त्यावर बौद्ध मठ बांधला, जास्तीत जास्त लोकांना पाठवा. फोटो खरे आहेत, ते खांब मी स्वतः समोर उभं राहून बघितलेत. पण त्याखालची गोष्ट साफ चुकीची आहे आणि ती आपल्याच शिकल्यासवरल्या लोकांकडून पुढे जातीय याचं मला फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

मी फुटवेअरच्या धंद्यात आहे. चीनच्या फुजियान प्रांतातलं जिनजियांग हे बुटांच्या कारखान्यांचं गाव, आमच्या लाईनमधल्या बऱ्याच लोकांचं तिकडे जाणंयेणं असतं, आणि तिथून च्वानचौ शहर गाडीने अगदी जवळ. पहिल्या दोन ट्रिपला मी कारखाना, हॉटेल आणि एअरपोर्ट एवढंच बघून परत आलो. तिसऱ्या वेळी एक दिवस रिकामा मिळाला म्हणून च्वानचौच्या कायुआन या बौद्ध मंदिरात गेलो, मनात काही नव्हतं, जुनं देऊळ आहे बघून येऊ इतकंच. मुख्य दालनात पाच मोठ्या बुद्धमूर्ती आहेत, वर तुळयांना टेकू दिल्यासारख्या पंख असलेल्या 24 अप्सरा, कोणाच्या हातात वाद्य, कोणाच्या हातात नैवेद्य, मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असं काम. मग दालनाला वळसा घालून मागे गेलो तर तिथे मधोमध सोळा पैलूंचे दोन दगडी खांब, त्यावर गोल चौकटींमध्ये कोरलेली चित्रं, आणि एका चौकटीत नरसिंह, मांडीवर आडवा हिरण्यकशिपू.

आमचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचं. लहानपणापासून दरवर्षी जातोय. त्यामुळे ओळखायला एक सेकंद पण लागला नाही, आणि घरापासून इतक्या लांब, आजूबाजूला उदबत्त्या लावणारी चिनी माणसं, त्यात आपला देव असा समोर आल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले. मग एकेक चौकट बघत बसलो. गजेंद्राला सोडवायला गरुडावरून आलेला विष्णू, उखळ ओढत दोन अर्जुनवृक्ष उपटणारा कृष्ण, झाडावर बसलेला कृष्ण आणि खाली गोपी. कुठल्याही मराठी घरातलं पोर सांगेल अशा गोष्टी. पुढच्या बाजूला चौथऱ्याच्या जोत्यात 70 च्या वर कोरीव दगड बसवलेत, त्यात सिंह आहेत आणि माणसाचं तोंड असलेले सिंह पण आहेत, ते बघून दक्षिणेतल्या देवळांची जोती आठवली.

आता मुद्द्याचं. कायुआन मंदिराची स्थापना इसवी सन 686 मधली. आणि च्वानचौमधल्या शिवमंदिराचा जो तमिळ शिलालेख सापडलाय त्यावर शके 1203, चैत्र महिना अशी तारीख आहे, म्हणजे इसवी सन 1281, चीनवर राज्य करणाऱ्या मंगोल सम्राट कुबलाई खानाच्या काळातली. म्हणजे बौद्ध मंदिर हे हिंदू मंदिरापेक्षा जवळजवळ सहाशे वर्षं जुनं आहे! मग हिंदू मंदिर पाडून त्यावर मठ बांधला हे कसं शक्य आहे, एवढा साधा हिशोब फॉरवर्ड करताना कोणी करत नाही का?

तेव्हा हे शहर झैतून म्हणून सगळ्या जगाला माहीत होतं, मार्को पोलो आणि इब्न बतूता या दोन्ही प्रवाशांनी या बंदराबद्दल लिहिलंय. तमिळ व्यापारी इथे माल घेऊन यायचे, राहायचे, आणि राहणार तिथे देऊळ बांधणार हे आलंच. त्या शिलालेखात शिवाची स्थापना खानाच्या परवानगीने आणि खानाच्या भल्यासाठी केली असं लिहिलंय, मजकूर तमिळ आणि शेवटी एक ओळ चिनी. मला स्वतःला हे वाचून भरून आलं. परक्या देशात धंदा करणारी माणसं आपला देवही नेतात आणि तिथल्या राजाचं भलंही मागतात, आजही आपण वेगळं काय करतो?

पुढे 1357 ते 1366 अशी जवळजवळ दहा वर्षं शहरात बंडाळी चालली, परदेशी वस्तीची वाताहत झाली, मग मिंग राजवट आली आणि समुद्रावरच्या व्यापारावर बंदी. देवळं ओस पडली आणि दगड उरले. कायुआनची मिंग काळात पुन्हा बांधणी झाली तेव्हा हे कोरलेले खांब आणि जोत्याचे दगड तिथे आणून बसवले, आणि ते आजपर्यंत जागेवर आहेत. नरसिंह कोण हे बसवणाऱ्या गवंड्यांना माहीत होतं की नव्हतं कोण जाणे, पण फोडून खडी केली नाही हे महत्त्वाचं. आपल्याकडे गावोगाव वीरगळ उकिरड्यावर पडलेत, मूर्तींवर ऑइलपेंट फासलाय, त्यामुळे मला तरी त्या गवंड्यांचे आभारच मानावेसे वाटतात.

आणि अजून एका माणसाचे, वू वेनलियांग. साधे शाळामास्तर. शहराची जुनी तटबंदी पाडताना त्यातून कोरीव दगड निघायला लागले, हिंदू, ख्रिश्चन, मुस्लिम सगळ्या धर्मांचे, तेव्हा या माणसाने वर्षानुवर्षं ते गोळा केले आणि 1957 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आज च्वानचौच्या सागरी इतिहास संग्रहालयात हिंदू शिल्पांचा जो संग्रह बघायला मिळतो त्यामागे त्यांचे कष्ट आहेत. अशा माणसाचं नाव एकाही मेसेजमध्ये नाही.

कायुआनच्या आवारातच 1974 मध्ये खाडीच्या गाळातून निघालेलं सोंग राजवटीच्या काळातलं (तेराव्या शतकातलं) जहाज पण ठेवलंय, 24 मीटर लांब, आत 13 कप्पे, त्यात सुगंधी लाकूड आणि मिरी सापडली होती. खांब बघून झाल्यावर ते जहाज बघितलं की त्या काळी माल आणि माणसं समुद्रावरून कशी जात असतील ते डोळ्यासमोर येतं.

2021 मध्ये च्वानचौ जागतिक वारसा यादीत आलं, तरी आपल्या चीन टूरच्या जाहिरातींमध्ये मला हे नाव दिसलेलं नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूरहून जी मंडळी धंद्यानिमित्त जिनजियांग किंवा शियामेनला जातात त्यांनी अर्धा दिवस काढून कायुआनला जाऊन यावं, आणि देवळाच्या पुढच्या दारातून परत न फिरता मागच्या खांबांपर्यंत नक्की जावं. आपल्या रविवार पुरवणीत एखाद्या जाणकाराकडून या शिल्पांवर सविस्तर लेख लिहून घेतलात तर फार बरं होईल. आणि ज्यांना तो फोटो पुढे पाठवायचाच आहे त्यांनी जरूर पाठवावा, फक्त खालचा मजकूर काढून तिथे तमिळ व्यापारी, च्वानचौ, इसवी सन 1281 एवढं लिहावं.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे