आकडा उतरला म्हणून गोळी थांबवू नका

मा. संपादक,
स. न.

कालच्या आरोग्य पुरवणीतला मायस्थेनिया ग्रॅव्हिसवरचा, म्हणजे शरीराच्याच अँटीबॉडी नस-स्नायूंच्या जोडावर हल्ला करून स्नायू दुबळे करतात त्या आजारावरचा, लेख वाचला. या आजारावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून आधी आभार. पण ‘अँटीबॉडी जितक्या जास्त, तितका आजार गंभीर’ हे वाक्य तुम्ही चौकटीत ठळक छापलंत. ते चुकीचं आहे, आणि अशा वाक्यापायी एखाद्याच्या जिवावर बेतू शकतं.

ॲसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्धची (नसेचा संदेश स्नायूवर जिथे उतरतो त्या जागेविरुद्धची) अँटीबॉडी निदानाला उत्तम. आजार अंगभर पसरलेल्या सुमारे 85 टक्के रुग्णांत ती सापडते, नुसत्या डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांत. पण रक्तात ती किती आहे, या आकड्यावरून दोन रुग्णांची तुलना होत नाही. एकाचा आकडा 60 आणि तक्रार फक्त पापणी पडण्याची. दुसरीचा 2 आणि घास गिळता येत नाही म्हणून ती आयसीयूत, असं घडतं. चाचणी मोजते ती रिसेप्टरला चिकटणारी अँटीबॉडी. चिकटल्यावर ती कॉम्प्लिमेंट (रक्तातली पेशी फोडणारी संरक्षक प्रथिनं) जागं करून स्नायूचा पडदा किती फोडते, किती रिसेप्टर नष्ट करते, हे त्यात येत नाही. मस्क (MuSK) या स्नायूतल्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडीत आकडा आणि आजार त्यामानाने जोडीनं चालतात, पण लेखात मस्कचं नावही नव्हतं.

आता ती चौकट वाचून काय होईल? रिपोर्ट 12 वरून 4 वर आला की माणूस प्रेडनिसोलोन (या आजारातली स्टेरॉइडची गोळी) परस्पर बंद करणार आणि पुढे कधीतरी श्वास अडकून दाखल होणार. किंवा पुढची चाचणी दुसऱ्या लॅबमध्ये, दुसऱ्या पद्धतीनं होणार, आकडा ‘वाढणार’ आणि घरात घबराट. दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून वाचायचेच नसतात.

चौकटीत हे हवं होतं: खोल श्वास घेऊन एका दमात मोठ्यानं अंक मोजा, साधारण सेकंदाला दोन. वीस अंक मोजायच्या आतच दम तुटत असेल, उताणं झोपून मान उचलता येत नसेल, पाणी नाकातून येत असेल, तर तडक रुग्णालय गाठा. ऑक्सिमीटरवर 97 दिसतंय म्हणून थांबू नका, तो आकडा फार उशिरा पडतो. रुग्णालयात फुप्फुसाची क्षमता (खोल श्वासानंतर जोरानं बाहेर सोडता येणारी हवा) वजनाच्या किलोमागे 20 मिली, म्हणजे 60 किलोच्या माणसात 1200 मिलीखाली गेली, की व्हेंटिलेटरची तयारी ठेवतात. निर्णय यावर होतात, अँटीबॉडीच्या आकड्यावर (टायटरवर) नाही.

आणखी एक. पथ्यात ‘आंबट टाळा’ छापलंत, पण सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स आणि मॅग्नेशियमचं इंजेक्शन यांनी हा आजार उसळतो, याची एक ओळ नाही. साध्या तापाला मेडिकलवाल्याकडून यातली गोळी सहज मिळते.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक मेंदूविकारतज्ज्ञ, सातारा