हनुवटीखालचा पट्टा

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

तुझी गाडी वळणाआड गेली तरी आई दारातच उभी होती. मी आत जाऊन टीव्ही लावला. बोलायचं ते आदल्या रात्रीच, तुझ्या त्या रेसच्या घोड्यांवरून, बोलून बसलो होतो ना. "तू काय व्हँडरबिल्ट लागून गेलीस?" हे वाक्य मागे घेतो. म्हणजे अर्धं घेतो.

कारण अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या गडगंज घराण्यातल्या आल्फ्रेड व्हँडरबिल्टला एकविसाव्या वाढदिवशी, 1933 साली, आईने घोड्यांचं अख्खं सॅगामोर फार्म दिलं. येल विद्यापीठ सोडून तो घोड्यांत रमला, पण त्याच्या घरी कुणाला हप्ते भरायचे नव्हते. शिवाय तो मालक होता गं. रेलिंगच्या अलीकडे उभा राहून बघायचा. तू पहाटे पाचला त्या जनावराच्या पाठीवर. हेल्मेटचा पट्टा आवळतेस ना? काचतो म्हणून सैल सोडायची तुझी खोड सायकलपासूनची.

हा विषय काढणार नाही असं आईला कबूल केलं होतं. राहू दे.

खरं तर चूक माझीच. ग्लिंडनला, त्याच सॅगामोर फार्मवर, मीच नेलं होतं तुला, दुसरीत असताना. पांढरं कुंपण, लाल छपरं. तू कुंपणाच्या खालच्या फळीवर चढून उभी. येताना गाडीत आल्फ्रेडच्या नेटिव्ह डान्सरची गोष्ट सांगितली: राखाडी घोडा, 22 शर्यती, 21 जिंकला. हरला ती 1953 ची केंटकी डर्बी, जेमतेम डोकंभर अंतराने. तू ढसाढसा रडलीस. घरी येऊन आबांना फोन लावलास, "आबा, तो एकदाच हरला!" आबा म्हणाले, "मी महालक्ष्मीला एकदाच जिंकलो."

पिम्लिकोच्या रेसकोर्सवर सीबिस्किट आणि वॉर ॲडमिरल या घोड्यांची 1938 ची झुंज जमवली तेव्हा आल्फ्रेड सव्वीस वर्षांचा होता. तुझ्याएवढाच. हे मी त्या रात्री बोलायला हवं होतं.

हल्ली मला त्याची आईच जास्त आठवते. लुसिटानिया बोट बुडाली, त्यात त्याचे वडील गेले, तेव्हा पोर तीन वर्षांचंही नव्हतं. त्याच पोराला तिने पुढे घोडे दिले. कसा जीव झाला असेल? की मालक पडत नाही, हे तिला ठाऊक होतं?

बघ, परत तिथेच आलो.

मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, रेवा काय करते? आई म्हणाली, प्राण्यांवर काहीतरी संशोधन. मी मध्येच बोललो, "केंटकीत रेसचे घोडे पळवते." जरा मोठ्यानेच बोललो असेन, चार माणसं वळून बघायला लागली.

पार्सल पाठवलंय. भडंग आणि नवं हेल्मेट. आईने पट्ट्याला आजीच्या लुगड्याची मऊ पट्टी शिवली आहे. आता काचायचा नाही.

तुझा,
बाबा