मुदत पाळायची ती फक्त आम्हीच? केंद्रीय कायदामंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय कायदामंत्री महोदय,

सादर नमस्कार. पत्र गोव्यातून, डिचोली तालुक्यातून लिहिते आहे.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, चार दिवस उरले होते. बाजारात माटोळीचं, गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवाचं, सामान येऊन पडलं होतं आणि मी पणजीला नोटरीच्या दारात उभी होते. पुढच्या विधानसभेसाठी आमच्या पक्षाने इच्छुकांचे अर्ज मागवले होते, शनिवारी संध्याकाळी ५ पर्यंत. ‘एक मिनिट उशीर झाला तरी घेणार नाही,’ असं तालुक्याच्या बैठकीत ठणकावून सांगितलं होतं. पक्षाचं नाव लिहीत नाही. इथे कोणाला ते विचारावं लागणार नाही.

जन्मदाखल्यावर माझं माहेरचं नाव, मतदार ओळखपत्रावर सासरचं. या दोघी एकच बाई आहेत, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मतदारयादीच्या उताऱ्यासाठी मामलेदार कचेरीत तीन खेपा झाल्या. अर्जासोबत पाच हजार रोख, परत न मिळणारे. पेट्रोलवर दीड हजार गेले असतील. नवरा म्हणतो अडीच. ४ वाजून ४० मिनिटांनी अर्ज दिला. घरी आले तर सासूबाई एकट्याच स्टुलावर चढून माळा झाडत होत्या. वय वर्षं ७४. त्या काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मंगळवारी कळलं, मुदत वाढली. कोणासाठी? त्याच सकाळी दुसऱ्या पक्षातून आलेल्या एका पात्रांवसाठी, म्हणजे बड्या असामीसाठी. त्यांच्या गळ्यात उपरणं पडलं, तोच बहुधा त्यांचा अर्ज. त्यांना कोणी नोटरीकडे धाडलं नाही. मी १४ वर्षं बूथ सांभाळला, भर पावसात मतदार स्लिपा वाटल्या. ‘वहिनी, तुम्ही घरच्याच,’ असं मला सांगण्यात आलं. घरच्यांनी पंगतीत शेवटी बसायचं असतं, हे मला समजायला हवं होतं.

महोदय, १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा तुमच्या खात्याकडे येतो. त्यात उमेदवारी अर्जाची मुदत कशी असते पाहा. अधिसूचनेनंतर सातवा दिवस, दुपारी ३ वाजता दार बंद. आपला अधिकृत उमेदवार कोण हे कळवणारा पक्षाचा ए आणि बी फॉर्मही त्याच ३ च्या आत पोचला पाहिजे, नाहीतर चिन्ह नाही. २०२२ च्या विधानसभेला २८ जानेवारीला असंच दार बंद झालं. त्या आठ दिवसांत गोव्यात किती जणांनी फोन उशाशी घेऊन रात्री काढल्या, विचारा कोणालाही. उमेदवाराला मिनिटांचा हिशेब आणि तो फॉर्म खिशात घालून फिरणाऱ्या पक्षाला? त्याला काहीच नाही. सरकार १० हजारांची अनामत घेतं, पण एकषष्ठांशाहून जास्त मतं पडली तर ती परत तरी देतं.

तुम्ही म्हणाल, ही पक्षाची अंतर्गत बाब. मग नोंदणी करताना लोकशाहीवर निष्ठा असल्याचं पक्षाकडून लिहून कशाला घेता? पक्षांच्या आतल्या कारभाराला कायदा हवा, असं विधी आयोगाने १९९९ साली १७० व्या अहवालात सांगून ठेवलंय. तो अहवाल ज्या कपाटात आहे त्याची किल्ली हरवली असेल तर कळवा, डिचोलीच्या बाजारात किल्ल्या करून देणारे आहेत.

माझं मागणं फार नाही. पक्षाने अर्ज मागवले तर कोणाकोणाचे आले ती यादी लावावी, ठरलेली तारीख पाळावी, आणि अधिसूचनेच्या आधी उमेदवार जाहीर करावेत. एवढंच कायद्यात घाला.

खरं तर कशाला घालाल? उशिरा येणाऱ्यांवरच सगळ्यांचा संसार चाललाय. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये, दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार भाजपात. त्याआधी जुलै २०१९ ला १५ पैकी १०, म्हणजे बरोबर दोनतृतीयांश, पक्षांतरबंदीतून सुटायला लागतात तेवढेच. माझ्या मुलाला शाळेत अपूर्णांक जमत नाहीत, यांना बघा कसे जमतात! पक्ष सोडायला मात्र मुदत नाही, नोटरी नाही, पाच हजार नाहीत.

आणि बायकांचं म्हणाल तर २०२२ साली ४० जागांवर ३ जणी निवडून आल्या. ३३ टक्क्यांचा कायदा २०२३ साली वाजतगाजत केलात आणि आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण, अशी अट त्यातच घातलीत. ती मुदत किती वाजता संपते, तेवढं लिहून कळवाल?

आपली,
मतदारयादीत सासरच्या नावाने असलेली एक बाई,
डिचोली, गोवा

ता. क. पाच हजारांची पावती काल नीट वाचली. त्यावर ‘अर्ज शुल्क’ नाही, ‘देणगी’ लिहिलंय. पक्षाला दिलेल्या देणगीवर आयकरात सूट असते म्हणे, पण रोख दिली की तीही नाही.