चिठ्ठीवर पुढची तारीख घाला : गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली. गेल्या चवथीला, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायच्या आदल्या दिवशी, थोरल्या जावेचं कपाट आवरत होते. रेशनकार्डाच्या प्लास्टिक पिशवीत एक जुनी चिठ्ठी मिळाली. वाड्यावर देवळाच्या मंडपात स्तनांच्या तपासणीचं शिबिर झालं होतं, त्याची. नाव, वय आणि खाली निळ्या शाईत 'ठीक'.

"वहिनी, परत कधी दाखवलंत?"

"आता कशाला? ठीक म्हणून लिहून दिलंय ना? आणि दुखतंय कुठे?"

तपासणाऱ्या बाईंच्या लेखी 'ठीक' म्हणजे त्या दिवसापुरतं ठीक. वहिनींनी ते जन्माचं धरलं. मी त्यांना दोष देत नाही. चिठ्ठीवर पुढची तारीख घालायला जागाच ठेवलेली नव्हती. स्तनांच्या कॅन्सरची सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, हेही त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' ही मोहीम ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली, एक लाख बायकांना तपासायचं ठरवून. हातात मावणारं, न दुखवणारं यंत्र गावात आलं, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. मला काळजी दुसऱ्या खेपेची आहे. केंद्राच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांची तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असं आहे. पाच वर्षांत घरात लग्नं होतात, बाळंतपणं होतात, सासू अंथरुणाला खिळते. तारीख बाईने एकटीने कुठवर लक्षात ठेवायची?

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या बायकांना प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी नुसत्या हातांनी तपासलं. तपासलेल्यांपैकी पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनांच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, न तपासलेल्यांच्या मानाने, जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. तिथे मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचं, मशीन नव्हतं. सेविका मात्र दर दोन वर्षांनी त्याच वस्तीत परत जात होत्या.

काही जणी भीतीनेही थांबतात. माझ्या शेजारणीला पहिल्या तपासणीनंतर मॅमोग्राफीला बोलावलं. पणजीला बस बदलून बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, सगळा दिवस मोडला. तिथे छाती दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं; ती कळवळली. मग रिपोर्टसाठी तीन आठवडे. घरी नवऱ्याला काही बोलली नाही, रात्री उठून देवघरासमोर बसायची. काही निघालं नाही. देवीची ओटी भरून आली आणि मला म्हणाली, "आता परत त्या वाटेला जायची नाही." पुढच्या तपासणीला बोलावलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो, एवढं एक वाक्य तिला त्याच दिवशी कुणी समजावलं असतं, तर ते तीन आठवडे तिला इतके जड गेले नसते.

शिबिरं ऐन काजूच्या हंगामात ठेवू नका, एवढंही सांगते. एप्रिलात बाई पहाटे बागायतीत जाते, ती मंडपात कशी येणार?

साहेब, मागणं मोठं नाही. प्रत्येक चिठ्ठीवर पुढची तारीख आणि आरोग्य केंद्राचा फोन नंबर छापा. गावच्या अंगणवाडी सेविकेकडे तपासलेल्या बायकांची यादी द्या, आणि त्या कामाचा तिला वेगळा मोबदला द्या. तिच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहे. तारीख जवळ आली की बाईला फोन जाऊ दे, मेसेज नको. मेसेज मुलाच्या मोबाईलवर येतो आणि तिथेच राहतो.

वहिनी ५४ वर्षांच्या आहेत. चवथ सरल्यावर मी त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेले. तपासून झाल्यावर चिठ्ठी हातात आली, तेव्हा मी तिथल्या बाईंकडून पेन मागून घेतलं आणि पुढची तारीख मागच्या बाजूला स्वतः लिहिली.

आपली नम्र,
डिचोली तालुक्यातील एक गृहिणी