सेमिनार की स्लाइड-वाचन?

संपादक साहेब, नमस्कार,

मी एमटेक कॉम्प्युटरला आहे, सेमिनारला दर आठवड्याला एक पेपर (शोधनिबंध) वाचायचा असतो पण वाचतं कोण, आदल्या रात्री एआयकडून स्लाइड्स करून घ्यायच्या आणि पडद्याकडे तोंड करून वाचून दाखवायच्या. परवा संगणकशास्त्रज्ञ लॅम्पोर्टचा १९७८ चा लॉजिकल क्लॉकवाला (एकमेकांना जोडलेल्या संगणकांवरच्या घटनांचा क्रम घड्याळाऐवजी आकड्यांनी लावायचा, तो) पेपर होता, जेमतेम ८ पानं हो! एकाने ठोकून दिलं, टाइमस्टॅम्प (घटनेला दिलेला आकडा) लहान म्हणजे ती घटना आधीची. पेपरमध्ये उलट आहे, आधीची असेल आणि तिचा नंतरचीवर परिणाम होऊ शकत असेल तरच आकडा नक्की लहान. सरांसकट कुणी टोकलं नाही. तीन लॅपटॉप जोडून छोटा प्रोजेक्ट केला तरी हे कळतं (आम्ही केला, वायफाय गंडलं ते वेगळं). निम्मे मार्क प्रश्नोत्तरांना ठेवा ना.

- एक विद्यार्थी, पुणे